साखर तीच, इन्सुलिन वेगळं

दोन माणसं घ्या. दोघंही पन्नाशीपुढचे, दोघांचीही उपाशीपोटीची साखर ९२. लॅबच्या रिपोर्टवर या आकड्यापुढे ना बाण, ना चांदणी. डॉक्टर एक नजर टाकून कागद परत देतात. आता त्याच रक्तातलं इन्सुलिन मोजू. एकाचं निघालं ५, दुसऱ्याचं १८. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली मांडलेलं होमा-आयआर नावाचं एक गणित आहे. आपल्याकडच्या एककांत ते असं होतं: साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. पहिल्याचं उत्तर येतं १.१, दुसऱ्याचं ४.१. दुसऱ्याची साखर ९२वर टिकून आहे ती स्वादुपिंडाच्या जिवावर. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्यात, म्हणून ते साडेतीनपट इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतंय. यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात, आणि नुसत्या साखरेच्या तपासणीत तो वर्षानुवर्षं दिसत नाही.

मधुमेह, हृदयविकार, फॅटी लिव्हर यांच्याशी या लपलेल्या इन्सुलिनचं असलेलं नातं एव्हाना बहुतेकांच्या कानावर आलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरशीही त्याचा संबंध असावा, असा संशय मात्र त्या मानाने उशिरा आला. त्याला कारणही होतं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की वृषणं काढून टाकली की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. या कामाला १९६६ साली नोबेल मिळालं. त्यानंतर कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष टेस्टोस्टेरॉनवरच खिळलेलं होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेल्या या वीस-पंचवीस ग्रॅमच्या ग्रंथीला पुरुषी संप्रेरकाशिवाय आणखी कुणाचं ऐकू येत असेल, हे फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

इन्सुलिन मोजणं हीच मुळात कटकटीची गोष्ट. १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजायची सोयच नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून ती पद्धत बसवली. यॅलोंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. पण पद्धत आली तरी अडचण राहिलीच. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन पहिल्यांदा यकृतात जातं आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास तिथेच खर्ची पडतं. उरलेलं रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतं. सकाळी साखरेचा चहा घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा भलताच येणार.

म्हणून संशोधक सी-पेप्टाइडकडे वळले. शिकागोच्याच डोनल्ड स्टायनर यांनी १९६७ साली दाखवलं की स्वादुपिंडात आधी प्रोइन्सुलिन नावाचा लांब धागा तयार होतो आणि त्यातला मधला तुकडा छाटला की इन्सुलिन बनतं. हा छाटलेला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. एका इन्सुलिनमागे एक, अगदी हिशेबात, तो रक्तात उतरतो. यकृत त्याला हात लावत नाही आणि तो अर्ध्या तासाच्या हिशेबाने टिकून राहतो. नाट्यगृहाच्या दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धुक स्वतःकडे ठेवतो. प्रेक्षक आत जाऊन कुठेही बसले तरी अर्धुकं मोजली की किती जण गेले ते कळतं. सी-पेप्टाइडचा उपयोग तसाच. शिवाय रक्त देणारा माणूस उपाशी नसला तरी या आकड्यावरून काहीतरी अंदाज बांधता येतो, आणि पुढे सांगणार आहे त्या अभ्यासात हे फार कामाला आलं.

तिसरा आकडा आयजीएफ-१चा, म्हणजे इन्सुलिनसारख्या दिसणाऱ्या वाढ-घटकाचा. ७० अमिनो आम्लांचं हे प्रथिन मुख्यतः यकृतात, वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमाने बनतं. मुलं उंच होतात ती याच्यामुळे. रक्तात ते मोकळं फारसं फिरत नाही. बांधून ठेवणारी प्रथिनं त्याला घेऊन हिंडतात, त्यातलं मुख्य आयजीएफबीपी-३. याच कुळातलं आयजीएफबीपी-१ मात्र थेट इन्सुलिनच्या ताब्यात असतं: इन्सुलिन वाढलं की यकृत ते कमी बनवतं. इन्सुलिनचा आणि आयजीएफ-१चा धागा जुळतो तो इथे. लठ्ठ माणसात एकूण आयजीएफ-१ वाढलेलं असेलच असं नाही, अतिलठ्ठपणात तर ते उतरतं. पण बांधणारं प्रथिन घटल्यामुळे मोकळ्या भागाला मोकळीक जास्त मिळते, असा तर्क आहे.

पेशीच्या पृष्ठभागावर इन्सुलिन किंवा आयजीएफ-१ येऊन चिकटलं की आत निरोपांची एक साखळी सुरू होते. त्या निरोपाचा अर्थ साधारण असा: खायला भरपूर आहे, वाढा, विभागा, आणि मरायची घाई करू नका. निरोगी पेशीत या साखळीला आवर घालणारं पीटीईएन नावाचं जनुक असतं. प्रोस्टेटच्या पुढच्या टप्प्यातल्या गाठींत नेमकं हेच जनुक अनेकदा गळालेलं आढळतं. ब्रेक नसलेल्या पेशीवर आणखी इन्सुलिन ओतलं तर काय होईल, हा प्रश्न मग आपसूकच उभा राहतो.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. चौदा जाड पुरुषांना अकरा दिवस कमी चरबीचं, भरपूर तंतुमय जेवण दिलं आणि रोज चालायला लावलं. आधीचं आणि नंतरचं रक्त घेऊन त्यातला द्रव वेगळा केला आणि बशीत वाढवलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना पाजला. (या पेशी एलएनकॅप नावाच्या, पन्नाशीच्या एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून १९७०च्या दशकात काढलेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत ठेवलेल्या.) अकरा दिवसांत त्या माणसांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन पाव हिश्शाने उतरलं होतं, आयजीएफ-१ एक पंचमांशाने घटलं होतं आणि आयजीएफबीपी-१ दीडपट झालं होतं. नंतरच्या रक्तावर पेशींची वाढ तीस टक्के कमी झाली. त्याच रक्तात वरून आयजीएफ-१ घातलं, तर पेशी पुन्हा जोमाने वाढू लागल्या.

बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण निदान एवढं दिसलं की रक्तातला हा बदल पेशीला जाणवतो. माणसांत तो किती जाणवतो, हे पाहायला मोठा पसारा मांडावा लागतो, आणि तो अमेरिकेत आधीच मांडलेला होता.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या बावीस हजार डॉक्टरांना एका चाचणीत घेतलं. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का आणि बीटा-कॅरोटीनने कॅन्सर टळतो का, हे दोन प्रश्न. या डॉक्टरांची वयं ४० ते ८४. सगळं टपालाने चाले. १९८२च्या सुमारास त्यांना रक्त घ्यायचं साहित्य घरपोच पाठवलं गेलं. डॉक्टरांनीच आपलं रक्त काढून घेतलं, फिरवून वरचा द्रव नळ्यांत भरला आणि थंड पाकिटं ठेवून रातोरात कुरिअरने बॉस्टनला धाडला. जवळजवळ पंधरा हजार नमुने उणे ८० अंशांच्या आसपास गोठवून ठेवले गेले. तेव्हा आयजीएफ-१चा विचारही कुणी केलेला नव्हता. पुढे ज्यांना प्रोस्टेट कॅन्सर झाला, त्यांच्या नळ्या शोधून काढायच्या, त्याच वयाच्या कॅन्सर न झालेल्यांच्या नळ्या शेजारी ठेवायच्या आणि दोन्हींतले आकडे ताडून पाहायचे. रक्त आजाराच्या कित्येक वर्षं आधीचं असल्यामुळे 'आजारानेच आकडा बदलला असेल' ही शंका बरीचशी दूर होते.

जून चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ रुग्ण आणि १५२ निरोगी अशी तुलना करून १९९८ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: आयजीएफ-१ सर्वांत जास्त असलेल्या चौथाई पुरुषांची जोखीम सर्वांत कमी असलेल्यांच्या ४.३ पट. केवढी खळबळ झाली असेल! पण त्या आकड्याला शेपूट होतं: खरी किंमत १.८ ते १०.६ यांच्यात कुठेही असू शकते. रुग्ण थोडे असले की असंच होतं.

पुढे ऑक्सफर्डच्या एका गटाने जगभरचे असे अभ्यास गोळा करायला घेतले. २००८ साली बारा अभ्यास, ३,७०० रुग्ण: जोखीम १.३८ पट. २०१६ साली दहा हजारांवर रुग्ण: १.२९ पट. चारवरून सव्वावर. पहिला अभ्यास खोटा होता असं यातून निघत नाही. लहान अभ्यासात जे ठळक दिसतं तेच आधी छापून येतं, आणि माणसं वाढत गेली की आकडा जमिनीवर येतो. वाचकांनी वर्तमानपत्रातल्या 'चौपट धोका' छाप मथळ्यांकडे बघताना हे आठवावं. १.२९चा व्यवहारातला अर्थ असा: समजा, कमी आयजीएफ-१ असलेल्या शंभरांत पाच जणांना आजार होणार असेल, तर जास्त असलेल्या शंभरांत साधारण साडेसहांना होईल. नातं आहे, खरं आहे, पण एका माणसाचं भविष्य सांगायला ते पुरेसं नाही.

आयजीएफ-१ जवळजवळ नसलेली माणसंही जगात आहेत. इक्वेडोरच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लॅरॉन सिंड्रोम या जन्मजात दोषाची कुटुंबं राहतात. इस्रायलच्या झ्वी लॅरॉन यांनी १९६६ साली तो प्रथम वर्णिला. वाढीचं संप्रेरक भरपूर असतं, पण पेशीवरचा त्याचा ग्राहकच (रिसेप्टर) बिघडलेला, त्यामुळे आयजीएफ-१ तयार होत नाही आणि उंची साडेतीन-चार फुटांवर थांबते. हायमे ग्वेवारा-आगिरे हे डॉक्टर वर्षानुवर्षं त्या वस्त्यांतून फिरत राहिले. वाल्टर लाँगो यांच्यासोबत त्यांनी २०११ साली बावीस वर्षांची नोंद प्रसिद्ध केली: ९९ बुटक्या माणसांत कॅन्सरचा एकच रुग्ण, तीही एक स्त्री, आणि ती उपचाराने बरी झालेली. मधुमेह एकालाही नाही. त्याच घरांतल्या उंच नातेवाइकांत मात्र दर पाच मृत्यूंमागे एक कॅन्सरचा. ही माणसं अपघातात आणि दारूने बरीच मरतात, म्हणजे आयुष्य काही लांबलेलं नाही. तरीही यकृताचं एक प्रथिन गायब झाल्यावर एवढा फरक पडावा, हे विलक्षणच.

आयजीएफ-१पुरतं चित्र असं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. खुद्द इन्सुलिनपाशी आलो की मात्र गोंधळ सुरू होतो. शांघायमध्ये १२८ रुग्ण आणि ३०६ निरोगी यांची तुलना २००१ साली प्रसिद्ध झाली: इन्सुलिन जास्त असलेल्यांत आजार अडीच पट. पण रक्त निदानानंतरचं होतं. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचं रक्त १९८५ ते १९८८ या काळात घेऊन ठेवलं होतं. (त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवरचा विश्वास पहिल्यांदा हादरला.) तिथेही उपाशीपोटीचं इन्सुलिन सर्वांत जास्त असलेल्यांची जोखीम अडीच पट निघाली, आणि गंमत म्हणजे साखरेशी काहीच संबंध दिसला नाही. २००७ सालच्या उत्तर स्वीडनच्या अभ्यासाने मात्र बरोबर उलटं सांगितलं: इन्सुलिन-रोध जास्त, तर प्रोस्टेट कॅन्सर कमी, विशेषतः साठीच्या आतल्या पुरुषांत.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मधुमेह. स्तन, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, अशा कितीतरी कॅन्सरचं प्रमाण टाइप-२ मधुमेहात वाढतं. प्रोस्टेटचं घटतं! २००६ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात मधुमेही पुरुषांची जोखीम इतरांच्या १६ टक्के कमी निघाली. इन्सुलिनने कॅन्सर वाढतो म्हणावं, तर इन्सुलिन-रोधाचं मूर्तिमंत रूप असलेला मधुमेही वाचतो कसा?

याची तीन उत्तरं दिली जातात, आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिलं काळाचं. मधुमेह व्हायच्या आधीची वर्षं म्हणजे इन्सुलिनच्या पुराची वर्षं. निदानानंतर हळूहळू स्वादुपिंड थकतं आणि इन्सुलिन ओसरतं. जोडीला टेस्टोस्टेरॉनही कमी होतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या एका मोठ्या पाहणीत निदानानंतर चार वर्षं उलटलेल्या मधुमेहींत प्रोस्टेट कॅन्सर एक तृतीयांशाहून अधिक कमी होता, पण पहिल्या तीन वर्षांत तो कमी नव्हता; उलट किंचित जास्त होता, ठामपणे सांगता येण्याइतका नव्हे. दुसरं उत्तर जनुकांचं. आइसलंडच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली सतराव्या गुणसूत्रावरच्या एचएनएफ१बी या जनुकातला एक बदल दाखवला, जो मधुमेहापासून वाचवतो आणि प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता वाढवतो. थोडक्यात, काही माणसं जन्मतःच एका पारड्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त घेऊन येतात.

तिसरं उत्तर शोधण्याचं आहे, आणि ते सर्वांत कमी सांगितलं जातं. प्रोस्टेट कॅन्सर बहुतेकदा पीएसए या रक्तचाचणीतून हाती लागतो. जाड माणसाच्या अंगात रक्तद्रव जास्त असतो, त्यामुळे ग्रंथीतून तेवढंच पीएसए सुटलं तरी ते पातळ होऊन आकडा कमी येतो. मधुमेहींतही पीएसए सरासरीने कमी आढळतं. आकडा कमी, म्हणून बायॉप्सी कमी, म्हणून सापडलेले कॅन्सर कमी. मग जे सापडतात ते उशिरा.

इथे मूळ प्रश्नच तपासून घ्यावा लागतो. 'प्रोस्टेट कॅन्सरचा धोका' म्हणजे नक्की कशाचा? इतर कारणांनी वारलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत ऐंशीच्या पुढच्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरचा ठिपका सापडतो. त्यातल्या बहुतेकांना तो हयातीत कधी कळलाही नव्हता. असा कॅन्सर 'होणं' आणि तो हाडांत पसरून माणूस 'मरणं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इन्सुलिनच्या अभ्यासांत हे दोन प्रश्न वर्षानुवर्षं एकाच आकड्यात कोंबले गेले, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ त्यातून झाला.

त्याच अमेरिकी डॉक्टरांच्या गोठवलेल्या नळ्यांनी २००८ साली दुसरा प्रश्न वेगळा काढून दाखवला. चोवीस वर्षांत त्यांच्यातल्या अडीच हजारांवर जणांना प्रोस्टेट कॅन्सर झाला आणि २८१ जण त्याने गेले. आता प्रश्न असा होता: आजार झाल्यावर कोण दगावलं? निदानाच्या पुष्कळ आधी लठ्ठ असलेल्यांत कॅन्सरने मरण्याची शक्यता सडपातळ असलेल्यांच्या अडीच पटीहून अधिक. सी-पेप्टाइड सर्वांत जास्त असलेल्यांत २.४ पट. वजनही जास्त आणि सी-पेप्टाइडही जास्त, अशांत चौपट. इथे डोळे उघडतात. जाडेपणा आणि वाढलेलं इन्सुलिन यांचा प्रोस्टेट कॅन्सर सुरू होण्याशी फारसा संबंध नसेलही, पण सुरू झालेला कॅन्सर कसा वागतो याच्याशी असावा. जागतिक कॅन्सर संशोधन निधीच्या २०१४ सालच्या अहवालानेही लठ्ठपणाचा दुवा 'पुढच्या टप्प्यातल्या' प्रोस्टेट कॅन्सरशीच जोडला, सरसकट कॅन्सरशी नाही. मधुमेहींचं कोडंही या उजेडात जरा सुटतं: त्यांच्यात कॅन्सर कमी सापडतो, पण ज्यांना होतो त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं.

आपल्याकडे हे सगळं आणून पाहिलं तर आणखी एक पेच पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापं घेतली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण ही किरकोळ बाळं स्नायूंनी वाळलेली आणि चरबीने मात्र राखलेली होती. पुढच्या कामात त्यांच्या नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही, वजनाचा विचार करता, गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. जन्मापासून इन्सुलिन वरच्या पट्टीत आणि देशात दहा कोटींवर मधुमेही. मग प्रोस्टेट कॅन्सरही इथे उदंड असायला हवा.

तो नाही. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि १९८७ साली बार्शीला पहिली ग्रामीण. दोन्हींत पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा आकडा फार खाली आहे, बार्शीत तर मुंबईपेक्षाही खाली. पीएसए कमी तपासलं जातं हे एक कारण उघड आहे. पण ते पूर्ण उत्तर नाही, कारण इंग्लंडमध्ये, जिथे दवाखाना सगळ्यांना सारखाच, तिथेही आयुष्यात कधीतरी प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांत चारांत एक, गोऱ्यांत आठांत एक आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत तेरांत एक, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. इन्सुलिनच मुख्य सूत्रधार असता तर हा क्रम असा लागलाच नसता. ते सुरुवात करत नसावं, सुरू झालेल्याला बळ देत असावं, या म्हणण्याला आपली आकडेवारी निदान विरोध तरी करत नाही.

मग इन्सुलिन उतरवणारं औषध द्यावं, हा विचार ओघाने आलाच. मेटफॉर्मिनसारखी स्वस्त, जुनी गोळी हाताशी. ब्रिटनमधल्या स्टॅम्पीड नावाच्या मोठ्या चाचणीत संप्रेरक-उपचार सुरू केलेल्या, मधुमेह नसलेल्या १,८७४ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर मेटफॉर्मिन दिलं. २०२४ साली निकाल आला: आयुष्य वाढलं असं म्हणता येत नाही, फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो. वजन, साखर, कोलेस्टेरॉल मात्र सुधारलं. कॅनडात कमी जोखमीच्या, नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या रुग्णांत केलेल्या चाचणीतही मेटफॉर्मिनने आजार थोपला नाही. आयजीएफ-१चा ग्राहक बंद करणाऱ्या अँटिबॉडीही मोठ्या अपेक्षेने बनवल्या गेल्या आणि गुमान बाजूला पडल्या. रक्तातला आकडा आजाराशी जोडलेला दिसला, म्हणून तो खाली ओढला की आजार खाली येतोच, असं नाही.

म्हणून तुमच्या आरोग्य-तपासणीच्या पॅकेजमध्ये फास्टिंग इन्सुलिन आलं आणि ते वाढलेलं निघालं, तर त्यावरून प्रोस्टेटची चिंता करण्याचं कारण नाही. प्रोस्टेटसाठी पीएसए, बोटाची तपासणी, गरज पडली तर एमआरआय आणि बायॉप्सी हाच रस्ता आहे. त्यावर इन्सुलिनचं कुठेही ठाणं नाही. वाढलेलं इन्सुलिन कंबर, यकृत आणि हृदयाबद्दल सांगतंय, ते मात्र ऐकावं.

ज्यांना प्रोस्टेट कॅन्सर झालेला आहे, त्यांची गोष्ट निराळी, आणि तिथे हे नातं उलट्या दिशेने धावतं. हगिन्स यांच्या काळापासून पसरलेल्या आजारावरचा मुख्य उपाय म्हणजे टेस्टोस्टेरॉन बंद करणं. कुणी दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन घेतं. आपल्याकडे खर्चाचा विचार करून अनेक घरं वृषणं काढण्याच्या एकदाच्या ऑपरेशनला होकार देतात. दोन्हींनी टेस्टोस्टेरॉन कोसळतं, स्नायू झिजतात, चरबी वाढते आणि इन्सुलिन-रोध येतो, तोही किती लवकर! बॉस्टनमध्ये २५ रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात फक्त बारा आठवड्यांत उपाशीपोटीचं इन्सुलिन २६ टक्क्यांनी चढलं. पुढे अमेरिकेतल्या ७३ हजार वृद्ध रुग्णांच्या नोंदींत दिसलं की अशी इंजेक्शनं घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याची शक्यता ४४ टक्के जास्त. वृषणं काढलेल्यांतही वाढच. इंजेक्शनं घेणाऱ्यांत हृदयविकारही वाढला. कॅन्सरवर नियंत्रण असलेला रुग्ण झटक्याने जावा, असं घडू शकतं ते यामुळे.

तेव्हा पहिलं इंजेक्शन घेण्याआधी साखर, एचबीए१सी, लिपिड, रक्तदाब आणि वजन लिहून ठेवणं आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा मोजणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा. युरॉलॉजिस्ट, ऑन्कॉलॉजिस्ट आणि फॅमिली डॉक्टर यांच्यात ही जबाबदारी कुणाची, हे ठरत नाही आणि ती मधेच राहून जाते. नुसत्या चालण्यापेक्षा वजनं उचलण्याचा व्यायाम इथे जास्त उपयोगी, कारण झिजतोय तो स्नायू. घरचे मात्र 'अंगात ताकद यावी' म्हणून शिरा, बदाम दूध, फळांचे रस आणि ग्लुकोज पावडर सुरू करतात. आणि मग काही महिन्यांनी रुग्ण सांगतो की रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. प्रोस्टेटचा पेशंट आहे म्हटल्यावर घरच्यांना त्यात नवल वाटत नाही, अनेकदा डॉक्टरांनाही नाही. लघवीची गोळी बदलून दिली जाते. साखर ३००च्या वर गेलेली असते, आणि ती तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.